रंग पुसणारे शेठ

खंड्याचा रंग काढून टाक म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? पाठ निळीशार, चोच लालभडक, गळा पांढरा, बसलाय विजेच्या तारेवर आणि मागे भाताचं हिरवंगार शेत. फोटो असा, की कॅलेंडरवाल्यांनी दारात रांग लावावी. आणि आमचे शेठ माझ्या मागे खुर्ची ओढून बसायचे, चिकू सोलत सोलत म्हणायचे, "काळापांढरा कर गं." मी म्हणायचे, "अहो शेठ, खंड्या आहे तो! त्याचा निळा काढला तर उरलं काय?" ते म्हणायचे, "खंड्या उरला की." आणि चिकूची बी शर्टाच्या खिशात टाकायचे. बी खिशात कशाला, ते मला विचारू नका. त्या माणसाच्या निम्म्या वागण्याला उत्तर नव्हतं.

डहाणू रोडला स्टेशनजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे खिडकी नसलेली खोली आणि त्या खोलीत मी आणि माझा कॉम्प्युटर. मी तलासरीच्या पुढून, अच्छाडकडून यायचे, कधी एसटीनं, कधी वडापच्या इको गाडीत चौघांच्या जागेत सहावी होऊन. दहा वर्षं काम केलं तिथं. पासपोर्टचे फोटो, जातीच्या दाखल्याचे फोटो, लग्नाचे अल्बम, बारशाचे बॅनर. शेठ म्हणजे कोणी बडी असामी नव्हती. किनाऱ्याकडच्या चिकूवाडीवाल्या घरातले, पण डहाणूत गल्ल्यावर जो बसेल तो शेठ, म्हणून शेठ. घरी मराठी, गिऱ्हाइकाशी गुजराती, पोलिसाशी हिंदी. आणि वाद टाळायचा असला की सगळ्यांशी एकच, "जवा दे." म्हणजे जाऊ दे, सोड. हे 'जवा दे' ऐकलं की माझं डोकं सणकायचं.

बरं, रंगांशी त्यांचं काही वाकडं होतं म्हणावं, तर तेही नाही. लग्नाच्या अल्बमला याच माणसाला रंग पुरायचे नाहीत. "शालूचा लाल चढव अजून. हळद काय अशी आजाऱ्यासारखी दिसतेय? पिवळी कर, पिवळी कर." नवरदेवाचे गाल गुलाबी करून करून मी एकेकाला बाहुला करून टाकला. आणि तोच माणूस संध्याकाळी दुकान रिकामं झालं की कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्यापुढे ठेवणार: घुबड, रानमांजर, धनेश, भेकर. आणि म्हणणार, "काढ रंग." माणसांना फासायचा आणि जनावरांचा उतरवायचा, हा कुठला न्याय!

लोक विचारायचे. विचारणारच. दुकानात भिंतीवर सगळे काळेपांढरे पक्षी, जणू सुतक पडलंय. शेठ प्रत्येकाला वेगळं कारण सांगायचे. दाताच्या डॉक्टरांना सांगितलं, प्रिंटरची रंगीत शाई परवडत नाही. शाळेच्या मुख्याध्यापक बाई आल्या, त्यांना म्हणाले, "बाई, रंग बघितला की मुलं पक्षी बघत नाहीत." बाई खूश झाल्या, दोन फोटो घेऊन गेल्या. एका साहेबांना तर चक्क सांगितलं की मला रंगच दिसत नाहीत, लहानपणापासून. साहेब हळहळले. मी आत बसून दात-ओठ खात होते, कारण पाचच मिनिटांपूर्वी या माणसानं मला एका नवरीच्या ब्लाउजचा मोरपंखी चुकलाय म्हणून झापलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, काळापांढरा फोटो सुंदर असतो, ती एक कला आहे. मला शिकवू नका. मी शिकले आहे ते. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून शिकले. रंग नुसता काढायचा नसतो. आत प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी असते. हिरवा खाली ओढला की झाडी काळी पडते आणि पक्षी उठून येतो. लाल वर नेला की माती उजळते. नीट केलं तर रंगीत फोटो झक मारतो त्याच्यापुढे. शेठचा फोटो मी असा मन लावून करायचे, आणि ते यायचे नि वाट लावायचे. "मागचं सगळं एक कर. दगड, माती, झाड, काही वेगळं कळायला नको." "अहो शेठ, मग ते राखेत बुडवल्यासारखं दिसेल!" "दिसू दे. घुबड दिसतंय ना? बस." मी कपाळावर हात मारायचे. माझ्या हातून चांगलं काम झालं असतं हो, आणि ते मला करू देत नव्हते. हा राग मला आजही आहे.

आणि लपवाछपवी किती! रविवारी कॅमेरा घेऊन निघायचे ते कधी सरळ जायचे नाहीत. तलासरीकडे जायचं असलं तर आधी स्कूटर डहाणूच्या समुद्राकडे, तिथं कोणाला तरी दिसायचं, नमस्कार करायचा, मग मागच्या रस्त्यानं गंजाडकडे, तिथं ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या पडवीत स्कूटर ठेवायची आणि पुढे इकोनं. कॅमेरा भाजीच्या पिशवीत, वर मेथीची जुडी. एकदा मी इकोत चढले तर आत हे महाशय पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. मी म्हटलं, "शेठ, इकडे कुठे?" तर म्हणाले, "मेथी द्यायला." कोणाला, काय, पत्ता नाही. अच्छाडच्या अलीकडे उतरले आणि चालायला लागले.

कॉम्प्युटरवर फोल्डरांची नावंसुद्धा खरी नाहीत. गिधाडं कुठे, तर 'शकूमावशी साखरपुडा'. घुबडं कुठे, तर 'हळद फायनल'. मी सांगून थकले की शेठ, लग्नसराईत माझा गोंधळ होईल. जवा दे! आणि व्हायचं तेच झालं. बोर्डीच्या एका घरची हळद होती, मी घाईघाईत पेनड्राइव्ह भरून दिला, आणि त्या लोकांनी घरी सगळे पाहुणे जमवून टीव्हीवर लावला. नवरीच्या जागी घुबड. पुढचा फोटो, घुबड. त्याच्या पुढे घुबडाची दोन पिल्लं, काळीपांढरी, डोळे वटारून कॅमेऱ्याकडे बघणारी. नवऱ्याची आजी म्हणे उठून देवघरात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा माणसं दुकानात. "अपशकून केलात तुम्ही आमच्या घरात!" शेठ हात जोडून उभे, आणि चेहऱ्यावर भीती. मला वाटलं माराची. पण ती माणसं गेल्यावर त्यांनी मला पहिलं काय विचारावं? "ते रंगीत होते की काळेपांढरे?" मी म्हटलं, "काळेपांढरे." तेव्हा कुठे खुर्चीवर बसले. पुढे त्या जोडप्याचा सगळा अल्बम फुकट काढून दिला.

एकच वेळ अशी आली की शेठनी स्वतः होऊन रंग ठेवायला सांगितला. वाढवणच्या बाया आल्या होत्या, बंदराच्या विरोधात मोर्चा होता, त्यांना बॅनरसाठी फोटो हवा होता. ओहोटीला उघडा पडलेला खडक, त्यावर पाणपक्ष्यांचा थवा, मागे होड्या. मी सवयीनं रंग काढायला घेतला, तर शेठ ओरडले, "नको! निळा चढव. होड्यांचे झेंडे दिसू देत. देवळाचा कळस दिसू दे." मी म्हटलं, "आता का?" तर म्हणाले, "ही जागा कुठे आहे ते सगळ्यांना कळायला हवं." इतकं सरळ बोलले होते. माझ्याच टाळक्यात शिरलं नाही. मला वाटलं, बाया समोर आहेत म्हणून यांना चेव आलाय.

त्या घुबडांबद्दल सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. शृंगी घुबड, म्हणजे डोक्यावर कानासारखे दोन तुरे असतात ते, मोठं, मांजराएवढं. अच्छाडच्या बाजूला एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिच्या कपारीत दर वर्षी ती जोडी अंडी घालायची. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत की कुठल्याशा खडकावर बसलेल्या घुबडाचे फोटो दर वर्षी माघ-फाल्गुनात येतात आणि मी त्यांची राख करते.

आणि एक बारकीबाय. खाणीला लागून जो पाडा आहे, तिथली. वर्षातून चार-पाचदा दुकानात यायची. पहिल्यांदा आली ती मुलाच्या फोटोसाठी. मुलगा लाडक्या, दोन लेकरांचा बाप, वाडीत मजुरी करायचा, आणि त्याच्या कसत्या जमिनीचा वनहक्काचा दावा अडकला होता. शेठ स्वतः जाऊन जमिनीचे फोटो काढून आले होते, तेव्हापासूनची ओळख. ती आली की खुर्ची सोडून खाली बसायची. शेठही गल्ला सोडून तिच्यासमोर खाली बसायचे. दोघं हळू आवाजात बोलायची आणि शेठ मला चहा सांगायला बाहेर पाठवायचे. मी परत आले की गप्प. एकदा दारातून माझ्या कानावर पडलं, ती म्हणत होती, "दोन हायेत औंदा. एक जरा बारका हाय." मला वाटलं शेळीची करडं असतील.

त्या वर्षी एक फोटो असा आला की मी माऊस सोडून बघत बसले. आई कपारीच्या तोंडाशी, डोळे अर्धवट मिटलेले, आणि तिच्या पंखाखालून दोन पिल्लांची दोन तोंडं. सकाळचं तिरपं ऊन. काळा कातळ, त्यावरून उतरलेला लाल मातीचा पट्टा. फक्त मागे, आईच्या कानाच्या तुऱ्याला लागून, दूरवर एक केशरी-हिरवा डाग. मी म्हटलं, "शेठ, ही टाकी मध्ये आली नसती तर काय झालं असतं!" ते दचकले. "कुठली टाकी?" "ही काय, हायवेच्या ढाब्यावरची, केशरी-हिरवी. मी रोज बघते. पुसता येणार नाही, तुरा खराब होईल." त्यांनी पडद्याला नाक लावून ती टाकी बघितली. मग म्हणाले, "रंग काढ. टाकी राहणार नाही." आणि खरंच, रंग गेल्यावर त्या टाकीचं एक करडं भूत उरलं, कोणाला काही न कळणारं.

आता तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला फोटोत जागा दिसत नाही हो, डाग दिसतात. मला वाटलं, बघा, फोटोतला दोष झाकायला रंग काढतात, आणि कला असल्याचं नाटक करतात.

फोटो स्पर्धेला मीच पाठवला. त्यांच्या परवानगीनं, काळापांढरा. मुंबईची मोठी स्पर्धा, परीक्षक मोठं नाव, हजारो लोक त्याच्या मागे, हातात तोफेएवढी लेन्स. याआधी दोनदा शेठचे फोटो शेवटच्या फेरीत गेले होते आणि दोन्ही वेळा बाद झाले होते, कारण शेवटच्या फेरीत मूळ फाईल मागतात. कॅमेऱ्यातून निघालेली, जशीच्या तशी. तुम्ही काही जोडलं-तोडलं नाही ना, ते बघायला. त्यात रंग असणारच. शेठ दोन्ही वेळा म्हणाले, जवा दे. तिसऱ्यांदा ईमेल आला तेव्हाही चप्पल घालता घालता म्हणाले, "जवा दे," आणि जेवायला गेले.

मी एकटीच बसले होते. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, हा माणूस आयुष्यभर पासपोर्ट फोटोच काढणार का? सगळे पासवर्ड माझ्याकडे. मी मूळ फाईल जोडली. ठिकाण विचारलं होतं, तिथं लिहिलं, डहाणू-तलासरी परिसर. दोन तालुके आहेत, त्यात कोण कुठे शोधणार, असंही मनाशी म्हटलं. आणि पाठवून दिली. मला वाटलं मी त्यांचं भलं करतेय. खरंच वाटलं.

पहिलं बक्षीस आलं. शेठ फिल्मच्या काळापासून धंद्यात, बरंच काही पचवलेले, पण इतके पांढरे पडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "मूळ फाईल कोणी दिली?" मी सांगितलं. वर दोन शब्द सुनावलेही, की तुमच्यानं होत नाही म्हणून कोणीतरी करायला हवं. त्यांनी भाजीची पिशवी घेतली आणि भर दुपारी, दुकान उघडं टाकून, सरळ तलासरीच्या रस्त्यानं स्कूटर घेऊन गेले.

तोवर उशीर झाला होता. त्या परीक्षकाला हायवेवरची टाकी ओळखायला कितीसा वेळ लागणार? मुंबई-सुरत करणारा प्रत्येक माणूस ती टाकी बघतो. टाकी, लाल पट्टा, काळा कातळ, झालं. फोटोचं कौतुक करणारा हा सद्गृहस्थ आठवड्याभरात आठ माणसं घेऊन हजर. 'घुबड शिबिर' म्हणे! खाणीच्या तोंडाशी चार गाड्या. मोबाईलच्या स्पीकरवर घुबडाचा आवाज लावला, म्हणजे आई चिडून बाहेर येते. कपारीपुढची फांदी आड येत होती ती तोडली. पाड्यातल्या बायकांनी हटकलं तर त्यांचेही फोटो काढले. तीन दिवस हा धिंगाणा. आणि लाज बघा, रोज मोबाईलवर रंगीत फोटो टाकत होता, कातळ, पट्टा, टाकी, सगळ्यासकट.

पुढच्या आठवड्यात कपार रिकामी. खाली पिसं पडलेली. पिल्लं कोणी नेली, की आईनं सोडली आणि कशानं खाल्ली, देव जाणे. घुबडाच्या नावानं काय काय चालतं आणि त्याला काय भाव येतो, हे मी सांगायला नको.

आणि आता ऐका. त्याच माणसानं, फांदी तोडणाऱ्यानं, रडक्या चेहऱ्याचा व्हिडिओ टाकला. 'स्थानिक लोकांनी पिल्लं पळवली, कारवाई झालीच पाहिजे.' स्थानिक! सात वर्षं ती घुबडं त्या स्थानिकांच्या चुलीपासून हाकेच्या अंतरावर वाढली, तेव्हा हा कुठे होता? पण व्हिडिओ लाखभर लोकांनी बघितला आणि वनखात्याची खाकी कपड्यातली दोन माणसं पाड्यावर आली. खाणीच्या सगळ्यात जवळ घर कोणाचं? लाडक्याचं. लाडक्याला घेऊन गेले. मोबाईल काढून घेतला, दोन दिवस बसवून ठेवलं. वनहक्काचा दावा आधीच अडकलेला, त्यात हा डाग. जमीन गेली असती त्याची.

त्या दोन दिवसांत मी जे शेठ पाहिले, ते मला माहीत नव्हते. पोलिसाला बघून रस्ता बदलणारा माणूस, वनखात्याच्या ऑफिसात जाऊन खुर्ची ओढून बसला. मला सोबत नेलं होतं, लॅपटॉप घेऊन. म्हणाले, "दाखव सगळं. रंगीत." सात वर्षांचे सगळे फोटो मी उघडले. तारखांसकट. दर वर्षी पिल्लं मोठी होऊन उडालेली. मग त्या परीक्षकाचे फोटो, तोडलेली फांदी, गाड्या, तारीख. साहेबांनी विचारलं, "जागा बाहेर कशी फुटली?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेठ म्हणाले, "मी पाठवली फाईल. बक्षिसाचा मोह झाला." टेबलाखालून त्यांनी माझ्या पायावर पाय दिला.

लाडक्याला सोडलं. तिथून आम्ही पाड्यावर गेलो. बारकीबाय दारात उभी. वाटेत शेठनी सांगितलं होतं, तेव्हा मला समजलं की सात वर्षांपूर्वी घुबडं तिनंच शेठना दाखवली होती, आणि एका बोलीवर: कोणाला सांगायचं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, कोणालाच नाही. बाहेरची माणसं आली की पाखरं जातात आणि नाव पाड्याचं येतं, हे ती तेव्हाच म्हणाली होती. या माणसानं ते कोणालाच म्हणजे अगदी कोणालाच सांगितलं नाही. रोज त्या फोटोवर हात फिरवणाऱ्या मलासुद्धा नाही! अहो, मला सांगितलं असतं तर मी जीव गेला तरी ती फाईल पाठवली असती का? एवढा राग आला मला. शब्द पाळायचा तो असा पाळायचा, की शेजारी बसलेल्या माणसाच्या हातून मोडावा?

शेठ तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, "बाय, माझी चूक झाली. मी दिला फोटो."

ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं. तिनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. म्हणाली, "शेठ, तुमी मना बोललेलास कोनाला नाय सांगनार. माझे पोराला दोन दिस बशिवला. आता आमचे पाड्यावर येऊ नको." आणि आत गेली. मी तिथंच होते. हातभर अंतरावर. लॅपटॉपची पिशवी सावरत.

परत येताना मी भांडले त्यांच्याशी. भर रस्त्यात, ढाब्याच्या त्या टाकीखाली. "तुम्ही खोटं का बोललात? मला बोलू का दिलं नाहीत?" ते म्हणाले, "तुला रोज इथून जायचंय. याच इकोत या पाड्यातल्या बाया तुझ्या शेजारी बसणार. मी काय, म्हातारा माणूस, दुकानात बसेन." मी म्हटलं, "मी सांगणार तिला." "सांग," म्हणाले. "पण आज नको. आज ती तापलेली आहे."

आज नको. त्या 'आज नको'चा मी किती उपयोग करून घेतला! आधी म्हटलं लाडक्याच्या दाव्याचं मार्गी लागू दे. मग म्हटलं लग्नसराई आहे. मग पाऊस होता, मग माझ्या बहिणीचं बाळंतपण. मधेमधे इकोत बारकीबाय दिसायची, मी मोबाईलमध्ये डोकं घालायचे. ती मला ओळखायची, सरकून जागा द्यायची. कधी विचारायची, "तुजा शेठ कसा हाय?" मी म्हणायचे, "बरे आहेत."

बरे नव्हते. रविवारी बाहेर जाणं बंद झालं. दुकानाच्या मागच्या भिंतीवर कावळे बसायचे त्यांचे फोटो काढायचे आणि मला म्हणायचे, "याचा रंग काढ." कावळ्याचा! मी करायचे. त्यांना बरं वाटायचं. बक्षिसाची ट्रॉफी पोस्टानं आली ती खोकं न फोडता माळ्यावर टाकली. घुबडांचे सगळे फोटो माझ्यासमोर पुसून टाकायला लावले, रंगीत आणि काळेपांढरे दोन्ही. दोन वर्षं अशी गेली, आणि एका सकाळी दुकानाचं शटर वर करताना खाली बसले ते उठले नाहीत.

बाराव्यानंतर मी पाड्यावर गेले. या वेळी मी आधीच ठरवलं होतं, परीक्षकाला शिव्या घालायच्या नाहीत, खाकी कपड्यांना नाहीत, शेठच्या लपवाछपवीला नाही. फक्त सांगायचं.

बारकीबाय अंगणात उडीद पाखडत होती. मला बघून उठली, आतून तांब्या भरून पाणी आणलं. उन्हातून चालून आले होते, मी अर्धा तांब्या पिऊन टाकला. मग सांगितलं, शेठ गेले. ती खाली बसली. मग बाकीचं सांगितलं. फाईल मी पाठवली. त्यांना माहीतसुद्धा नव्हतं. ते तुझ्याशी खोटं बोलले, माझ्यासाठी.

सूप तिच्यापुढे तसंच पडलं होतं. म्हणाली, "तो आलेला. दोनदा. त्या बांधावर उबा राह्यला, भाजीची पिशवी घेऊन. मी बघला. मी हाक नाय मारली. मी त्याला पानी पन नाय दिला."

मला हे माहीत नव्हतं. मी काहीतरी बोलायला गेले, की बाय, तुझा काय दोष, तुला कुठे ठाऊक होतं. तिनं मान वर केली.

"मंग तो जिता होता तवां का नाय आलीस?"

तांब्या अजून माझ्याच हातात होता.